साक्षीदार आणि कादंबरीकार : ‘युद्ध आणि शांती’ची पहिली तीनशे पाने

टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ हाती घेतली ती युद्ध वाचायचे म्हणून. पहिला खंड संपवून ऑस्टर्लिट्झच्या रणभूमीपाशी थांबलो आहे; बराच मोठा भाग अजून वाचायचा आहे. तेव्हा प्रस्तुत लेख हे परीक्षण नव्हे. ऐतिहासिक कादंबरीकडून काय मागावे, याविषयी साहित्याचा विद्यार्थी म्हणून माझ्या काही समजुती होत्या. त्या या तीनशे पानांत ढासळल्या, त्याची ही नोंद आहे.

पहिली शंभर पाने वाचताना मी वैतागलो होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. काळ १८०५ च्या जुलैचा, स्थळ सेंट पीटर्सबर्गमधील एका दरबारी बाईंचा दिवाणखाना. नेपोलियनने जिनोआ गिळले आहे, लुका बहिणीच्या पदरात टाकले आहे, आदल्या वर्षी एंजियँच्या ड्यूकला गोळ्या घालून ठार केले आहे. पाहुणे या सर्वांवर संताप व्यक्त करतात, आणि तो करतात फ्रेंचमध्ये! शत्रूला शिव्या घालायलाही या उमरावांना शत्रूचीच भाषा लागते. १८७३ च्या आवृत्तीत टॉलस्टॉयने ही फ्रेंच वाक्ये रशियनमध्ये आणली होती. पुढे ती पुन्हा मूळ रूपात छापली गेली, हे योग्यच झाले. तो वर्ग आपल्याच देशात किती परका होता, हे त्या भाषेमुळे कोणी न सांगता कळते.

वाचताना मात्र मला हे उमगले नव्हते. दिवाणखान्यामागून येते ती एका मरणासन्न धनाढ्याच्या मृत्युपत्राची ओढाताण. मग रोस्तोव कुटुंबातील मेजवानी. तेथे युद्धाच्या जाहीरनाम्यावर गंभीर चर्चा चाललेली असताना तेरा वर्षांची नताशा सर्वांदेखत मोठ्याने विचारते, की शेवटी गोड काय आहे? मी वहीत लिहिले होते : ‘युद्ध कधी सुरू होणार?’ इतिहास म्हणजे तह, सेनापती आणि लढाया; बाकीचा पसारा लेखकाने वाचकाला रमवण्यासाठी मांडलेला, असे मी धरून चाललो होतो.

युद्ध आले ते दुसऱ्या भागात, आणि तेही बुटांच्या रूपाने. ऑस्ट्रियातील ब्राउनाउजवळ एक रशियन पलटण पाहणीसाठी रात्रभर जागून नटते. सकाळी निरोप येतो, की सरसेनापती कुतुझोव यांना पलटण वाटचालीत होती तशीच, साध्या डगल्यांत पाहायची आहे. आपल्या सैन्याची दुर्दशा त्यांना ऑस्ट्रियन सेनापतींच्या नजरेस आणून द्यायची असते. शिपायांचे बूट फाटलेले, कारण ऑस्ट्रियाकडून व्हायचा पुरवठा झालेलाच नाही. दोन साम्राज्यांच्या मैत्रीत कोठे भेग आहे, हे त्या फाटक्या बुटांतून दिसते. उल्म येथे माक या ऑस्ट्रियन सेनापतीची शरणागती ही इतिहासाच्या पुस्तकातील घटना येथे येते, तेव्हा ती ओळखीची वाटू लागलेली असते.

नंतर शोनग्राबेर्नची लढाई. १६ नोव्हेंबर १८०५ रोजी बाग्रातिओनच्या पिछाडीच्या तुकडीने कितीतरी मोठ्या फ्रेंच फौजेला थोपवून धरले आणि कुतुझोवच्या थकलेल्या सैन्याला निसटायला वेळ मिळाला, हा इतिहास. कादंबरीत दिसते ते वेगळे. बाग्रातिओन फारसे हुकूम देत नाही. जे घडते आहे ते आपल्याच योजनेप्रमाणे घडते आहे, असा भाव तो चेहऱ्यावर ठेवतो, आणि त्यानेच माणसांना धीर येतो. तुशिन नावाचा ठेंगणा, अवघडलेला तोफखाना अधिकारी कोणाच्याही हुकुमावाचून समोरच्या गावाला आग लावतो. माघारीचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण हुकूम नेणारा वाटेतच घाबरलेला असतो. दिवस तुशिनने तोलून धरला, आणि संध्याकाळी दोन तोफा मागे टाकल्याबद्दल जाब त्यालाच विचारला जातो. १८५४-५५ मध्ये सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात टॉलस्टॉय स्वतः तोफखान्यात होता, याची आठवण येथे होते.

पण माझ्या समजुतींना खरा धक्का दिला तो तरुण निकोलाय रोस्तोवने. या लढाईत त्याचा घोडा गोळी लागून पडतो, हाताला मार बसतो, आणि फ्रेंच शिपाई अंगावर येताना पाहून तो हातातले पिस्तूल झाडण्याऐवजी फेकून देतो व झुडपांकडे धूम ठोकतो. काही दिवसांनी मित्रांसमोर तो हा प्रसंग सांगायला बसतो. सुरुवात करतो ती खरे तेच सांगायचे म्हणून. पण ऐकणाऱ्यांना घोडदळाच्या हल्ल्याची कथा अपेक्षित आहे, तशा कथा त्यांनी पूर्वीही ऐकल्या आहेत. पाहता पाहता रोस्तोवच्या तोंडून तलवार चालू लागते. फसवण्याचा हेतू त्याच्या मनात नाही. पळालो, हे सांगण्यासाठी लागणारी भाषाच त्याच्याजवळ नाही.

मराठीच्या वर्गात आपण बखर शिकतो, तेव्हा एक भेद मनात पक्का होतो : बखर नंतरची, म्हणून रंगवलेली, प्रत्यक्षदर्शीची साक्ष जवळची, म्हणून विश्वासार्ह. रोस्तोवचा प्रसंग वाचल्यावर हा भेद मला पूर्वीइतका सरळ वाटेनासा झाला. साक्षीदार तोंड उघडतो त्याच क्षणी तो स्वतःचा बखरकार होऊ शकतो.

याला प्रत्यक्ष इतिहासातील एका माणसाची जोड आहे. अव्राम नोरोव सोळा वर्षांचा असताना १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत लढला, तेथे त्याने पाय गमावला. पुढे तो रशियाचा शिक्षणमंत्रीही झाला. १८६८ मध्ये, वृद्धपणी, त्याने टॉलस्टॉयवर कडक टीका लिहिली. आम्ही ते दिवस पाहिले आहेत. लढाईनंतर सोळा वर्षांनी जन्मलेल्या लेखकाने आमचा पराक्रम क्षुल्लक करून टाकला, असा त्याचा रोख होता. बोरोदिनोच्या तोंडावर कुतुझोव एक फ्रेंच कादंबरी वाचत असल्याचे टॉलस्टॉयने दाखवले आहे; ते नोरोवला अशक्य वाटले. देशावर तसे संकट असताना कादंबरी वाचायची कोणाला सुचणार?

नोरोवच्या मृत्यूनंतर त्याच्या ग्रंथसंग्रहात ‘रॉडरिक रँडम’ या कादंबरीची एक प्रत सापडली. तीवर त्याच्याच हातची नोंद होती : जखमी आणि फ्रेंचांचा कैदी असताना, सप्टेंबर १८१२ मध्ये, मॉस्कोत ती वाचल्याची.

ही हकीकत प्रथम कळली तेव्हा मला हसू आले. नंतर ओशाळलो. नोरोव खोटे बोलत नव्हता. एक पाय गमावलेल्या माणसाला त्या दिवसांचा अर्थ हवा होता, आणि त्या अर्थात करमणुकीच्या पुस्तकाला जागा नव्हती. छप्पन्न वर्षांत ते पुस्तक आठवणीतून गळून पडले. त्याची तक्रार आणि माझ्या वहीतील वाक्य यांत तसा फरक काय? नताशाचे गोडधोड मलाही इतिहासाबाहेरचेच वाटले होते. त्याच्या तक्रारीमागे एक पाय होता. माझ्यामागे केवळ पाठ्यपुस्तके होती.

याचा अर्थ कादंबरीकार नेहमी बरोबर आणि साक्षीदार चूक, असा मात्र नाही. टॉलस्टॉयचीही मते आहेत आणि पुढच्या खंडांत ती ठासून येतात, असे ऐकतो; तेथे त्याच्याशी भांडावेही लागेल. पण एक सवय मी आतापासून सोडायची ठरवली आहे. ऐतिहासिक कादंबरीत ‘हे असे घडले होते का?’ हे विचारणे आवश्यकच आहे. त्याबरोबर, आठवणीतून काय गळाले, आणि ते कोणाला नको होते, हेही विचारायला हवे.

कुतुझोवच्या हातातील ते पुस्तक ज्या पानावर आहे, तेथपर्यंत मी अजून पोचलेलो नाही. पोचेन तेव्हा टॉलस्टॉयबरोबर नोरोवचीही आठवण ठेवून ते पान वाचायचे आहे.