देवडीवरचे पहारेकरी

क्रमिक पुस्तकांतला इतिहास राजांचा, लढायांचा आणि तहांचा असतो, आणि तो शिकविण्यात आमची वीसेक वर्षे गेली. तथापि रात्रीची जेवणे आटोपल्यावर माणसे काय पाहत होती, काय ऐकत होती आणि त्यांनी काय पाहावे हे कोण ठरवीत होते, हाही इतिहासच आहे. फक्त त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. फराळाची ताटे पुढे असताना अशाच एका लहानशा वस्तूचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे. ती वस्तू म्हणजे म्युझिक व्हिडिओ, अर्थात एका गाण्यासाठी मुद्दाम तयार केलेली तीनचार मिनिटांची फिल्म.

आपल्याला या प्रकाराचे नवल वाटायचे कारण नाही. गाणे डोळ्यांनी पाहण्याची सवय आपल्याला बोलपटाने केव्हाच लावली. पुढे मुंबई दूरदर्शनवर ‘छायागीत’ लागे, तेव्हा ज्या बिऱ्हाडात टीव्हीचा संच असे तिथे अर्धी चाळ लोटे. पुढचे गाणे कोणते, हे कुणालाच ठाऊक नसे. जे लागेल ते गोड मानून घ्यायचे. पाश्चात्य देशांत मात्र गायकाचा धंदा सिनेमावर अवलंबून नव्हता. तिथे तबकड्या खपत, आणि गाण्याची फिल्म ही त्या तबकडीची जाहिरात असे.

या फिल्मचे पूर्वजही गमतीचे आहेत. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या उपाहारगृहांत ‘पॅनोरॅम’ नावाची कपाटाएवढी यंत्रे आली. दहा सेंटांचे नाणे टाकले की पडद्यावर एक गाणे दिसे. आठ गाण्यांचे एकच रीळ आत फिरत असल्यामुळे पाळी ज्या गाण्याची असेल तेच पुढे येई. १९६० मध्ये फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ निघाले. त्यात छत्तीस गाणी होती आणि गिऱ्हाइकाला हवे ते निवडता येई. निवड कोणाची, यंत्राची की माणसाची, हा प्रश्न तेव्हापासून या वस्तूच्या पाठीशी लागलेला आहे. आमच्या मते तोच तिच्या इतिहासाचा कणा आहे.

१ ऑगस्ट १९८१ रोजी मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले आणि अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही केबलवरची वाहिनी सुरू झाली. चोवीस तास नुसती गाणी दाखवायची, ही तिची प्रतिज्ञा. पहिले गाणे ‘बगल्स’ या इंग्रज मंडळींचे होते, आणि व्हिडिओने रेडिओच्या ताऱ्याला मारले, असा त्याच्या नावाचाच अर्थ होता. मौज अशी, की मॅनहॅटनमध्ये ही वाहिनी तेव्हा दिसतच नव्हती; म्हणून ती काढणाऱ्या मंडळींनी नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या फोर्ट ली येथील एका उपाहारगृहात जाऊन आपल्याच कर्तृत्वाचा आरंभ पाहिला! व्हिडिओ तबकडी-कंपन्यांच्या खर्चाने निघत आणि वाहिनीला ते फुकट मिळत. अशा रीतीने दुसऱ्याच्या पिठावर हिची रांगोळी उमटू लागली.

परंतु वाहिनी एक आणि गाणी अनेक, म्हणजे देवडीवर पहारेकरी आलाच. कोणते गाणे आत सोडायचे, कोणते दिवसातून किती वेळा दाखवायचे, हे ठरविणारी मूठभर माणसे होती, आणि त्यांच्या यादीत काळे गायक फारच थोडे असत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने, मुलाखत चालू असताना, वाहिनीच्याच निवेदकाला याचा जाब विचारला. लहान गावांतल्या प्रेक्षकांना काय रुचेल याचाही विचार करावा लागतो, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचे ‘बिली जीन’ त्या वाहिनीवर झळकले. त्याच्या कंपनीने आपली सगळी गाणी काढून घेण्याची धमकी दिली म्हणून दार उघडले, असे एक पक्ष सांगतो. वाहिनीची मंडळी ते नाकारतात. ते काही असो; दार उघडल्यावर वर्षअखेर ‘थ्रिलर’ची सुमारे चौदा मिनिटांची फिल्म आली आणि जॅक्सन घरोघर पोचला. लहान गावांतले प्रेक्षक घाबरले नाहीत. पहारेकऱ्याला भीती वाटत होती ती त्याची स्वतःचीच होती.

पुढे याच वाहिनीला गाण्यांचा कंटाळा आला. १९९२ पासून ती अनोळखी तरुणांना एका घरात ठेवून त्यांची भांडणे दाखवू लागली, आणि भांडणाला प्रेक्षक गाण्यापेक्षा जास्त, हा शोध तिला लागला. शेजारच्या घरात भांडण जुंपले की आपल्या घरातला रेडिओ आपोआप बारीक होतो, हे आपण जाणतोच. मग व्हिडिओ पाहायचे कुठे?

संगणकावर फिल्म पाहणे त्या काळी जिकिरीचे होते. ती आधी उतरवून घ्यायला तासन् तास लागत, आणि उतरली तरी ती चालविणारी प्रणाली आपल्या संगणकात असेलच, याची शाश्वती नसे. २००५ मध्ये चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम या तिघा तरुणांनी ‘यूट्यूब’ काढले आणि ही जिकीर संपली. कळ दाबली की फिल्म चालू! २३ एप्रिल २००५ रोजी चढविलेली पहिली फिल्म एकोणीस सेकंदांची होती. तीत करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा आहे. दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २००६ मध्ये, ‘गूगल’ने १६५ कोटी डॉलरला हा व्यवहार ठरविला.

त्याच वर्षीच्या जुलैत ‘ओके गो’ नावाच्या चौघांच्या वाद्यवृंदाचा एक व्हिडिओ तिथे आला. आठ ट्रेडमिल, म्हणजे जागच्या जागी चालण्याची व्यायामयंत्रे, आणि त्यांवर न थांबता एका दमात केलेला नाच. तो बसविला होता गायकाच्या बहिणीने. ना भव्य देखावे, ना उंची कपडे. लोकांनी तो एकमेकांना दाखविला आणि पुढल्या वर्षी त्याला ‘ग्रॅमी’ पारितोषिक मिळाले. इथे पहारेकरीच नव्हता!

मालकमंडळी अर्थातच स्वस्थ बसली नाहीत. मार्च २००७ मध्ये एमटीव्हीची मालक कंपनी ‘व्हायाकॉम’ हिने यूट्यूबवर शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. तो २०१४ मध्ये आपसांत मिटला. डिसेंबर २००८ मध्ये ‘वॉर्नर’ने आपली गाणी काढून घेतली आणि पुढल्या सप्टेंबरात ती परत आणली. ‘ओके गो’च्या कंपनीने तर त्यांचा व्हिडिओ दुसऱ्यांच्या पानांवर लावण्याची सोयच बंद केली, कारण तिथे पाहिलेल्याचे पैसे तिला मिळत नव्हते. रोज दहा हजारांच्या आसपास असलेले प्रेक्षक हजारावर आले, असे गायकाने २०१० मध्ये वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिले, आणि लवकरच या मंडळींनी ती कंपनी सोडली. कंपन्यांनाही अखेर शहाणपण सुचले होते. डिसेंबर २००९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून ‘व्हीवो’ काढले आणि जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा घेतला. ज्या व्हिडिओला आजवर जाहिरात म्हणत, तोच आता विक्रीचा माल झाला. दोन महिन्यांनी एमटीव्हीने आपल्या बोधचिन्हाखालचे ‘संगीत दूरदर्शन’ अशा अर्थाचे शब्द पुसून टाकले.

दार उघडे राहिले म्हणजे कोण कुठून येईल याचा नेम नसतो. जुलै २०१२ मध्ये साय नावाच्या कोरियन गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ आले. भाषा बाहेर कुणाला कळेना. तरी त्या वर्षाच्या डिसेंबरात ते शंभर कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले व्हिडिओ ठरले. २०१४ च्या डिसेंबरात तर २,१४,७४,८३,६४७ ही संख्या ओलांडली गेली. यूट्यूबच्या मोजणीच्या यंत्रात त्याहून मोठा आकडा मावतच नव्हता. तो वाढवावा लागला.

आपल्याकडेही हे वारे आले. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींवर मोठी झालेली ‘टी-सीरिज’ २०१९ ते २०२४ या काळात यूट्यूबवर जगात सर्वांत जास्त वर्गणीदार असलेली वाहिनी होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यातल्या माणसाच्या हाती पडदा आला. कोळीगीत असो, भीमगीत असो, की लग्नातले हळदीचे गाणे असो. ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी पूर्वी मुंबई-पुण्याच्या कॅसेट-कंपनीची पायरी झिजवावी लागे. आता तालुक्याच्या गावचा गायक स्वतःच ते चढवितो, आणि पोटासाठी आखातात गेलेला त्याचा गाववाला त्याच रात्री ते पाहतो. आमच्या मते या सगळ्या उलथापालथीतली खरी मिळकत ही आहे. ज्यांना देवडीवर कधी कुणी विचारले नव्हते ते वाड्यात शिरले.

पण वाडा मोठा झाला की पहारेकरी लागतोच, आणि तो आलाही. फक्त तो दिसत नाही. कोट्यवधी गाण्यांतून आपल्यापुढे पुढचे गाणे कोणते ठेवायचे, हे आता गणित ठरविते. २०१२ पासून यूट्यूबचे गणित, किती जणांनी कळ दाबली यापेक्षा किती वेळ पाहत राहिले, याला अधिक मान देऊ लागले. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या आखूड व्हिडिओंचा प्रयोग प्रथम इथेच सुरू केला. परिणामी गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा मुलांना तोंडपाठ असतो आणि दुसरा अंतरा ऐकलेलाच नसतो. शिवाय एका छपराखाली पाच माणसे पाच पडद्यांवर पाच गाणी पाहतात. नको असलेले गाणेही सर्वांनी मिळून पाहायचे, आणि वडिलांच्या आवडीला नाके मुरडता मुरडता ते आपलेही होऊन जायचे, ही छायागीताच्या काळची शिकवण आता कोण देणार?

३१ डिसेंबर २०२५ रोजी ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या पाच संगीत-वाहिन्या बंद झाल्या. हळहळ वाटते; पण जुन्या पहारेकऱ्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही, त्याने अनेकांना बाहेर तिष्ठत ठेवले होते. मात्र त्याला नाव होते, चेहरा होता. बोवी त्याच्यासमोर बसून, ‘हे लोक का नाहीत?’ असे विचारू शकला. आजच्या गणितासमोर बसायचे कुठे आणि विचारायचे कोणाला? तोपर्यंत एवढे तरी आपल्या हातात आहे: पुढचे गाणे आपोआप सुरू होऊ लागले की हात पुढे करून ते थांबवावे, आणि घरातल्यांना विचारावे, ‘तुम्हांला कोणते हवे?’