तळटीप : बाळंतपणे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

* वाशीमकडच्या एका निवेदनात या आजाराचे खापर 'लय बाळंतपणां'वर फोडले आहे. ते अर्धेच खरे. मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू, विशेषतः त्याचे १६ आणि १८ हे प्रकार. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींत ठाण मांडतो, आणि त्याची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. संप्रेरके एकटी हा कर्करोग घडवीत नाहीत, विषाणूला हातभार मात्र लावतात : गरोदरपणी इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयमुखाचा नाजूक आतला थर बाहेर वळून उघडा पडतो. गर्भनिरोधक गोळ्या पाच वर्षांहून अधिक घेतल्यास धोका वाढतो, थांबवल्यावर हळूहळू उतरतो. यात बाईला दोष देण्याजोगे काहीही नाही, हे इथे स्पष्ट नोंदवायलाच हवे. तपासणीने हा कर्करोग रोखता येतो का, हे पाहण्यासाठी शेजारच्या मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल त्यात होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.