डुक्कर फियाट ते सीएनजीची डिकी: गिऱ्हाईकाचं ऐकतं कोण?

कल्याण-शीळ रस्त्याला मोठी राजकीय सभा असली की बातमीत 'प्रीमियर मैदान' लिहावं लागतं. माझ्याबरोबर फिरणाऱ्या एका बाविशीतल्या पोराने मध्यंतरी विचारलं, "दादा, हे प्रीमियर म्हणजे कुठली क्रिकेट लीग का?" त्याचा दोष नाही. भिवंडीहून कोनगाव, दुर्गाडी पूल करत पलीकडे गेलं की तासाभराच्या आत जिथे पोचतो, तिथे एकेकाळी मोटारी बनायच्या, हे आता सांगितल्याशिवाय कळत नाही. कुर्ल्यालाही तसंच. आज जिथे कोहिनूर सिटी उभी आहे, तिथे प्रीमियरचा मूळ कारखाना होता.

हा इतिहास आज काढायचं कारण आहे. आपल्या गावात सध्या जो कोणी गाडी घ्यायला निघतो, त्याची तक्रार ठरलेली. "कंपनीने एवढं एक बदललं असतं तर डोळे झाकून घेतली असती." कुणाला सीएनजीत डिकी हवी, कुणाला स्वस्तातल्या मॉडेलला पण मागचा कॅमेरा आणि पूर्ण एअरबॅग हव्या, कुणाला धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत खाली न घासणारी गाडी हवी. पाच-सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणारा माणूस एवढं मागणारच. प्रश्न असा की मागितलेलं मिळतं कधी? प्रीमियरच्या गोष्टीत त्याचं बऱ्यापैकी उत्तर आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार, डॉज-प्लिमथ गाड्या आणि फार्गो ट्रक. मग इटलीच्या फियाटचा हात धरला. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल, नाकाने फुगीर 1100 आठवते का? म्हणजे फोटोत तरी? आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. चालत्या गाडीत दरवाजा सुटला तर वाऱ्याने सपकन उघडायचा.

1964 ला आली 1100 डिलाइट. दरवाजे सरळ झाले, अंग चौकोनी झालं, इंजिन 1089 सीसीचं. हीच गाडी सत्तरच्या दशकात फियाटचा परवाना संपल्यावर आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणाले. इटलीत 1100 डी हे मॉडेल 1966 मध्ये बंद झालं. आपल्याकडे ते जवळजवळ 2000 सालापर्यंत बनत राहिलं.

कसं काय? सगळं खापर कंपनीवर फोडू नका. सरकारने 1953 मध्ये ठरवलं की इथे सुटे भाग बनवण्याची तयारी असलेल्यांनीच राहायचं. त्यामुळे नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड मुंबईतून निघून गेल्या. देशात मोटारी बनवणारे मोजके उरले: अँबॅसडर, फियाट, स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या याला लायसन्स. 1959 च्या हुकमाने विक्रीवरही ताबा. नवी गाडी घेतली की दोन वर्षं परवानगीशिवाय विकता यायची नाही, कारण नंबर लागलेला माणूस गाडी तशीच काळ्या बाजारात चढ्या भावाने काढायचा. 1969 पासून मोटारींची किंमतसुद्धा सरकार ठरवायला लागलं. त्याविरुद्ध प्रीमियर सुप्रीम कोर्टात गेली, 1971 चा तो निकाल कायद्याची पोरं आजही वाचतात. आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक रांगेत. वर्षानुवर्षं.

त्या काळात लोक तक्रारी करत नव्हते, असं समजू नका. गाड्यांच्या दर्जाबद्दल इतकी ओरड झाली की 1967 मध्ये केंद्राने मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला स्वतंत्र समिती नेमली. विचार करा, दरवाजा नीट लागत नाही, पत्रा गंजतो, पार्ट लवकर जातो, या गोष्टींसाठी दिल्लीत समिती! पण बाहेर दहा माणसं पैसे घेऊन उभी असतील तर आतला माणूस दरवाजाची मूठ कशाला बदलेल? समित्यांचं जे होतं तेच झालं.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कुणी बोलत नाही. पद्मिनीला दोन गिऱ्हाईकं होती. एक घरगुती आणि दुसरा मुंबईचा टॅक्सीवाला. दोघांना हवं होतं ते एकमेकांच्या उलट.

घरगुती माणसाला खाली गिअर हवा होता. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. लिंकेज जरा ढिलं झालं की दुसरा शोधताना चौथा सापडायचा. त्याला वेगळ्या बकेट सीट हव्या होत्या, हलकं स्टिअरिंग हवं होतं, थंडीत चोक ओढून बसावं लागू नये असं वाटत होतं.

टॅक्सीवाल्याला यातलं काही नको. गिअर वर आहे म्हणून पुढची सीट सलग, आणि सलग आहे म्हणून पुढे एक माणूस जास्त. पार्ट तेच राहिले म्हणजे जुन्या गाडीचं सामान नव्या गाडीला चालतं. कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून उघडतो आणि बसवतो. त्याच्यासाठी 'काहीही बदलू नका' हीच मागणी होती आणि त्याच्या पोटाच्या हिशेबाने ती बरोबर होती. कल्याण नाक्यावर एक जुने मिस्त्री होते, गेले आता. ते म्हणायचे, फियाट बिघडते खूप, पण बिघडून घरी येते. खरं आहे ते. एक पाना, एक पकड आणि तारेचा तुकडा असला की गाडी घरापर्यंत आणता यायची.

कंपनीला टॅक्सीवाल्याची मागणी परवडली, कारण त्यात खर्च शून्य. घरगुती गिऱ्हाईक मागे राहिलं. (आपल्या भिवंडीत लूमवाल्यांचं पण असंच आहे. साधा लूम चालतोय तोवर चालू द्या. फक्त कापड घेणारा उद्या सुरतेला गेला तर काय, हा प्रश्न उद्यावर.)

उद्या आलाच. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 ची पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत साधारण साडेसत्तेचाळीस हजार. खाली गिअर, वेगळ्या सीट, सकाळी किल्ली फिरवली की चालू. वीस वर्षं फियाटवाले जे मागत होते ते दुसऱ्याच कंपनीने, तेही निम्म्या आकाराच्या गाडीत देऊन टाकलं.

मग प्रीमियरने उत्तर दिलं ते 1985 ला, '118 एनई'. इंजिन निसानचं, 1171 सीसीचं, गिअर खाली. इंजिन चांगलं होतं, आजही जाणकार नाव काढतात. पण अंग कुठलं? फियाट 124 चं. ही गाडी 1967 मध्ये युरोपात 'कार ऑफ द इयर' ठरली होती आणि इटलीत 1974 मध्ये बंदही झाली होती. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोबरोबर '309' सुरू केली, तेव्हा पुन्हा तेच. चालवायला झकास, डिझेल इंजिनाचं नाव होतं, पण युरोपात तिची पाळी उरकलेली. दर वेळी लोकांनी नवं मागितलं आणि हातात आलं दुसरीकडे निवृत्त झालेलं. आमच्या पट्ट्यातल्या आयटीआय झालेल्या पोरांना त्या वेळी प्यूजोची नोकरी म्हणजे लग्न जमण्याची खात्री होती. 1994-95 ला सुरू झालेला तो खेळ 1997-98 पर्यंत आटपला. कामगारांचे तंटे, भागीदारांचे तंटे, पैशांची चणचण, सगळं एकदम.

त्याच धामधुमीत 1996 ला कुर्ल्यात फियाट उनोचं बुकिंग निघालं. आकडा 2 लाख 90 हजारांच्या आसपास सांगितला जायचा. त्या मानाने गाड्या रस्त्यावर आल्या त्या मूठभर. कुर्ल्यात संप, उत्पादन ठप्प, बुकिंगवाले परत रांगेत. उनो चांगली गाडी होती. प्रीमियरवर विश्वास टाकायची लोकांची ती शेवटची वेळ.

गंमत बघा, पद्मिनीला खाली गिअर आणि वेगळ्या सीट मिळाल्या त्या अगदी शेवटी शेवटी, 'एस वन' नावाच्या मॉडेलमध्ये. तोवर गिऱ्हाईक उठून गेलं होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही. पण निरोपाचे लेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ती स्वतःच्या घरासाठी घेतली असती, हेही एकदा विचारायला हवं.

आता पुण्याकडे बघा. टाटांनी इंडिका आखली तीच लोकांच्या मागणीवरून. अँबॅसडरसारखी आत जागा, झेनच्या आकाराची, किंमत मारुतीच्या जवळ आणि इंजिन डिझेल. रतन टाटांचं हे सूत्र तेव्हा सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. 1998 च्या शेवटी गाडी आली, पूर्ण पैसे भरून 1 लाख 15 हजार बुकिंग झालं. आणि मग तक्रारींचा पाऊस. आवाज, थरथर, टायर झिजणे, पार्ट जाणे. 2000-01 ला कंपनीला 500 कोटींचा तोटा. इथे रस्ता फुटला. बाजारात तोवर ह्युंदाईची सँट्रो होती, मारुती होतीच, गिऱ्हाईक रांगेत थांबणार नव्हतं. कंपनीने तक्रारी घेतल्या, गाड्यांचे पार्ट बदलून दिले आणि 2001 मध्ये दुरुस्त केलेली 'व्ही टू' आणली. ती धो धो चालली. आपल्याकडे भिवंडी-ठाणे-नाशिक करणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत पुढची दहा वर्षं दुसरं काही दिसत नव्हतं.

टाटांची माणसं मनाने जास्त चांगली होती म्हणून हे झालं, असं मला म्हणायचं नाही. गिऱ्हाईकाला जायला दुसरं दार होतं, म्हणून झालं.

आजची डिकी घ्या. सीएनजी घेतली की सिलिंडर डिकीत आणि बॅगा मांडीवर. ही तक्रार नवी नाही. मुंबईच्या टॅक्सी कोर्टाच्या आदेशामुळे सीएनजीवर गेल्या तेव्हा पद्मिनीच्या डिकीतही टाकी बसली आणि सामान वरच्या कॅरिअरवर चढलं. कारखान्यातून सीएनजी घेऊन येणाऱ्या गाड्या सुरू झाल्या त्यालाही बरीच वर्षं झाली, तरी एका मोठ्या टाकीऐवजी दोन बारक्या टाक्या तळाशी बसवून वर डिकी मोकळी ठेवायची कल्पना टाटांनी अल्ट्रोझमध्ये आणली ती 2023 ला. मग इतर कंपन्यांनाही त्या वाटेने यावं लागलं. जाहिरातीत 'क्रांती' वगैरे शब्द होते. लूमच्या नमुन्यांची गाठोडी घेऊन मुंबईला जाणारा आपला व्यापारी हे पंधरा वर्षांपासून फुकट सांगत होता.

डिझेलचं उलटं झालं. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या. वाडा, शहापूर, नाशिक रोज करणाऱ्यांनी कितीही कुरकुर केली तरी ते परत आलं नाही, कारण बीएस-6 च्या नियमात छोटं डिझेल इंजिन बसवणं त्यांना महाग पडत होतं. अशा वेळी आपण काय केलं? काहींनी दुसऱ्या कंपनीची डिझेल गाडी घेतली आणि बाकीच्यांनी मुकाट्याने सीएनजी.

सध्या मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. तीच गाडी, तोच पत्रा, पण मागचा कॅमेरा, चांगली लाइट, मधल्या माणसाला डोकं टेकायला उशी, हे सगळं वरच्या मॉडेलला. वर त्याच्यासोबत सनरूफ घ्यावंच लागतं. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत आणि कंटेनरच्या धुरात सनरूफ उघडणार कोण? वंजारपट्टी नाक्यावर? ज्याला सुरक्षा हवी त्याला काचेच्या छताचे पैसे भरायला लावायचे, ही आजची युक्ती.

दिवाळीत शोरूममध्ये जाल तेव्हा तिथल्या पोरावर चिडू नका, त्याच्या हातात काही नाही. पण खालच्या मॉडेलला काय नाही ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, दुसऱ्या दोन कंपन्यांच्या शोरूममध्ये तोच कागद दाखवा, आणि बुकिंगची रक्कम तोपर्यंत खिशातच राहू द्या.