न्यायवैद्यक परिचारिका

अत्याचाराची शंका असलेल्या रुग्णाची शुश्रूषा करतानाच न्यायालयात टिकेल असा पुरावा जपणारी, त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. परिचर्येची ही शाखा अमेरिकेत रुजली. लैंगिक अत्याचारपीडितांच्या तपासणीसाठी परिचारिकांचे उपक्रम तेथे १९७०च्या दशकात मेम्फिस, मिनीआपोलिस या शहरांत सुरू झाले. १९९२ मध्ये या परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. व्हर्जिनिया लिंच तिच्या पहिल्या अध्यक्षा. बालकांच्या तपासणीसाठी तेथे वेगळे प्रमाणपत्र मिळते.

मुलाशी बोलणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग. ‘काकांनी हात लावला का?’ या प्रश्नातच उत्तर दडलेले असते; म्हणून ‘काय झालं ते सांग’ एवढेच विचारायचे. मुलाचे शब्द बोबडे असोत वा घरगुती, जसेच्या तसे लिहायचे. त्यांना वैद्यकीय परिभाषेचा साज चढवला की नोंदीची किंमत उतरते. तपासणीआधी उपकरणे दाखवतात आणि मूल नको म्हणाले तर थांबतात. जखमांची आकृतीवर नोंद होते, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली जातात. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर वा मानेवर काळेनिळे डाग दिसले, तर ‘खेळताना पडला’ या खुलाशावर थांबत नाहीत. कपडे वाळवून कागदी पिशवीत मोहोरबंद करतात. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, म्हणून पुराव्यासाठी उपचार अडवणे अक्षम्यच.

लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीच आढळत नाही. जखम नाही म्हणजे घटना घडली नाही असे नव्हे, हे न्यायालयाला पटवणे ही परिचारिकेच्या साक्षीतील खरी कामगिरी. गुन्हा घडला की नाही, हे ठरवणे मात्र तिचे काम नव्हे.

भारतात बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २७ नुसार मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, पालक वा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीसमोर करायची असते. त्यामुळे येथील परिचारिकेची भूमिका साहाय्यकाची राहिली आहे. वॉर्डात मुलाजवळ सर्वाधिक वेळ सिस्टरच असतात, हे पाहता ही मर्यादा खटकते. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात न्यायवैद्यक परिचर्येची ओळख समाविष्ट केली आहे. पोलिसांना कळवण्याचे बंधन मात्र परिचारिकेवरही आहे. गुन्ह्याची माहिती असून न कळवल्यास पॉक्सोच्या कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.