ईश्वराचे पितृत्व (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती ईश्वरविद्येतील एक मूलभूत संकल्पना. ईश्वर हा विश्वाचा निर्माता व शास्ता आहेच. तथापि माणसाशी असलेले त्याचे नाते मुख्यतः प्रेमळ पित्याचे आहे, असे ही संकल्पना सांगते. ‘पिता’ या शब्दात सत्ता आणि वात्सल्य असे दोन्ही भाव अंतर्भूत आहेत. त्यांपैकी कोणता प्रधान मानावयाचा, या प्रश्नाभोवतीच या संकल्पनेचा इतिहास घडत गेला आहे.

पूर्वपीठिका : दैवताला पिता म्हणण्याची प्रथा ख्रिस्ती धर्माहून प्राचीन आहे. युगारित येथे सापडलेल्या लेखांत एल या दैवताला मानवांचा पिता म्हटले आहे; होमरच्या काव्यात झ्यूस हा देवांचा व माणसांचा पिता आहे. जुन्या करारात मात्र ईश्वराला पिता म्हटल्याचे उल्लेख थोडे, म्हणजे सु. १५ इतकेच आढळतात. तेथील पितृत्व जन्म देण्यावर आधारलेले नसून निवडीवर आधारलेले आहे : ईजिप्तच्या दास्यातून सोडविलेले इझ्राएल राष्ट्र हा ईश्वराचा पुत्र होय. होशेय या संदेष्ट्याने (इ. स. पू. आठवे शतक) लेकराचे हात धरून त्याला चालावयास शिकविणाऱ्या आणि ते बहकल्यावरही त्याला टाकून देऊ न शकणाऱ्या ईश्वराचे चित्र रेखाटले आहे.

येशूची शिकवण : येशू ख्रिस्ताच्या उपदेशात हे विरळ संबोधन केंद्रस्थानी आले. मार्ककृत शुभवर्तमानात ते मोजकेच आढळते, तर योहानकृत शुभवर्तमानात शंभराहून अधिक वेळा येते. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत येशूने ईश्वराला ‘अब्बा’ अशी हाक मारल्याचे मार्कने नोंदविले आहे. घरात वडिलांना मारावयाची ही ॲरेमाइक भाषेतील हाक होय. येशूपूर्वी ईश्वराला अशा जवळिकीने कोणी संबोधिले नव्हते, असे योआखिम येरेमियास (१९००–७९) या जर्मन विद्वानाचे प्रतिपादन होते. ही हाक केवळ बोबड्या बालकांची नसून प्रौढ मुलेही ती वापरीत, असे जेम्स बार यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे तिच्यात जवळिकीबरोबर आदरही आहे, हे स्पष्ट झाले.

या कल्पनेचे सर्वांत परिणामकारक विवरण लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात आहे. वडील हयात असतानाच धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, तो परमुलखात उधळतो आणि अखेर डुकरे राखू लागतो. ज्यू श्रोत्यांच्या दृष्टीने ही अधोगतीची परिसीमा होती. तो परततो तेव्हा त्याला दुरून पाहताच वडील धावत जाऊन मिठी मारतात. त्याचे कबुलीचे बोलणे पुरे होण्याआधीच झगा, अंगठी व पायतण आणावयास सांगतात. इमाने राबलेला थोरला मुलगा रुसतो, तेव्हा त्याचीही समजूत घालण्यास ते बाहेर येतात. तो घरात गेला की नाही, हे दृष्टांत सांगत नाही. पित्याचे प्रेम गुणावगुणांच्या हिशोबावर अवलंबून नाही, हे त्याचे मर्म होय. मात्र ते स्वीकारावयाचे की नाही, याची मोकळीक मुलाला आहे.

ज्या रोमन समाजात हा धर्म पसरला, तेथे कुटुंबप्रमुखाला कायद्याने अपत्यांवर जीवनमरणाचा अधिकार होता. त्याच समाजातील दत्तकविधानाची कल्पना संत पॉलने वेगळ्या अर्थाने योजिली : श्रद्धावान माणूस भयग्रस्त दास न राहता दत्तक पुत्र होतो व वारसाहक्क पावतो.

सिद्धांताचा विकास : जुन्या करारातील न्यायकठोर ईश्वर आणि येशूचा प्रेमळ पिता हे दोन भिन्न देव होत, असे मार्सियनचे मत होते. रोम येथील ख्रिस्तमंडळाने सु. १४४ मध्ये त्याला बहिष्कृत केले. न्याय आणि प्रेम ही एकाच ईश्वराची अंगे आहेत, ही भूमिका यातून दृढ झाली. नायसीया येथील धर्मपरिषदेने (३२५) पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरविले. म्हणजेच ईश्वर सृष्टीच्या निर्मितीनंतर पिता झाला नाही. तो अनादी काळापासून पिता आहे. ‘पिता’ हे नाव तत्त्वाचे वा क्रियेचे नसून नात्याचे आहे, असे नाझिॲन्झसचा ग्रेगरी (चौथे शतक) याने स्पष्ट केले.

मार्टिन ल्यूथरने आपल्या लघुप्रश्नोत्तरीत (१५२९) मुले वडिलांजवळ मागतात तशा निःशंक मनाने प्रार्थना करावी, असे शिकविले. आडोल्फ फोन हार्नाक याने १८९९–१९०० मधील बर्लिन येथील व्याख्यानांत ईश्वराचे पितृत्व आणि मानवी आत्म्याचे अपार मोल यांना येशूच्या संदेशाच्या गाभ्यात स्थान दिले.

आधुनिक चर्चा : ईश्वराला पुरुषरूप दिल्याने पुरुषसत्तेला धार्मिक अधिष्ठान मिळते, असा आक्षेप मेरी डेली यांनी १९७३ मध्ये घेतला. ज्यांना जन्मदात्याकडून छळच सोसावा लागला, त्यांना या नावाचा आधार कसा वाटावा, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. यास ख्रिस्ती विचारवंतांचे उत्तर असे, की ईश्वराचे माप मानवी पित्यावरून घ्यावयाचे नसून मानवी पित्याची पारख ईश्वरावरून करावयाची आहे. रोमन कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार (१९९२) ईश्वर स्त्रीही नाही व पुरुषही नाही. मानवी मातापिते प्रमादशील असल्याने पितृत्वाचे व मातृत्वाचे रूप त्यांच्याकडून विद्रूप होऊ शकते. मातृरूपाची परंपराही जुनी आहे. यशयाच्या ग्रंथात ईश्वराच्या सांत्वनाला आईची उपमा दिली आहे. नॉरिचच्या जूलियन या चौदाव्या शतकातील इंग्रज साधिकेने ख्रिस्ताला माता म्हटले. ईश्वर पिता आहे आणि त्याहूनही अधिक माता आहे, असे उद्गार पोप पहिले जॉन पॉल यांनी १९७८ मध्ये काढले.

मराठी ख्रिस्ती समाजात ‘देवबाप’ हा घरगुती शब्द रूढ आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी संतांच्या वाणीचा संस्कार घेऊन आलेल्या ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या भक्तिकाव्यात ख्रिस्ताला माता व गुरू या नात्यांनी आळविले. त्यामुळे पितृत्वाच्या या कल्पनेतील वात्सल्याचा भाव मराठी भक्तिपरंपरेच्या परिचित भाषेत व्यक्त झाला.