इंडोनेशियातील संसदीय निवडणूक, १९५५
डचांकडून २७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व प्राप्त झालेल्या इंडोनेशियातील पहिली सार्वत्रिक निवडणूक. बुर्हानुद्दीन हराहाप यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, २९ सप्टेंबर १९५५ रोजी, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर झालेल्या या निवडणुकीत सैनिक व पोलीस यांनाही मताधिकार होता. २५७ जागांपैकी राष्ट्रीय पक्ष व मश्युमी हा इस्लामी पक्ष यांस प्रत्येकी ५७, नहदतुल उलेमा या दुसऱ्या इस्लामी पक्षास ४५ आणि कम्युनिस्ट पक्षास ३९ जागा मिळाल्या. मश्युमीस जावाबाहेरील बेटांतही मोठा पाठिंबा, तर उर्वरित तिघांचे बळ मुख्यतः जावात एकवटलेले असल्यामुळे पक्षभेदास प्रादेशिक तेढीची जोड मिळाली. कोणासही बहुमत न लाभल्याने संयुक्त मंत्रिमंडळे अपरिहार्य, परंतु अस्थिर ठरली. अखेर ५ जुलै १९५९ च्या फर्मानाने राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १९४५ ची राज्यघटना पुनःस्थापित केली व १९६० मध्ये ही संसद बरखास्त केली. पुढील सार्वत्रिक निवडणूक १९७१ मध्येच झाली.