कडब्याची लढाई

तांबडं फुटायच्या आत तुम्हाला जाग येते ती थंडीनं. उशाला खोगीर, अंगावर घोंगडी, आणि बालाघाटचा गारठा खालच्या जमिनीतूनच वर चढतोय. साल १७६०, माघातला शुद्ध पक्ष. सदाशिवरावभाऊंच्या फौजेत तुम्ही शिलेदार आहात. म्हणजे घोडी तुमची, तलवार तुमची आणि घोडी मेली तर बुडालेला पैसाही तुमचाच. शेजारच्या बारगिराला ही काळजी नाही. त्याचं घोडं पागेचं.

म्हणून तोंडावर पाणी मारण्याआधी तुम्ही घोडीकडे जाता. खुरातले खडे काढता, अगाडी-पिछाडी सोडता, पाठीला खोगीर लागलंय का ते हात फिरवून बघता. तोबऱ्यात मूठभर हरभरे. चंदी संपत आलीय. शेकोटीवर हात शेकत कालची भाकर कांद्याशी खायची आणि कहीवर निघायचं, वैरण-सरपण गोळा करायला.

“लढायला आलो आणि विळा हातात,” बारगीर कुरकुरतो.

पण खरी लढाई त्या विळ्याचीच आहे. तिकडे दक्षिणेला सलाबतजंग आणि निजामअलीची फौज भोवती तोफा ठेवून मुंगीच्या पावलानं सरकतेय. तिला धारूर गाठायचंय. तिथं तिची आणखी कुमक आहे. तोफेच्या तोंडी घोडं घालायची कुणाला हौस नाही. मात्र तोफ ओढतात बैल, आणि बैलाला रोज वैरण लागते. तुम्ही उचललेला प्रत्येक भारा त्या बैलाच्या तोंडचा असतो. दसरा झाला की मोहिमा निघतात त्या उगाच नाही: नद्यांना उतार मिळतो, खरिपाचा दाणा घरात आलेला असतो आणि रब्बी रानात उभी असते.

ती रब्बी कुणाची तरी असते. धारूरखालच्या एका रानात ज्वारी हुरड्याला आलीय. तुमचं पथक शिरताच माचाणावरचा म्हातारा खाली उतरतो. पाखरं हाकायची गोफण हातात तशीच लोंबतेय. “दादा, कणसं तेवढी खुडून घेऊ द्या, मग ताटं न्या.” तो निजामाची रयत, बोली मात्र तुमच्या घरची. म्होरक्या ऐकत नाही, विळे चालू लागतात. दसऱ्यापर्यंत तुम्हीही औत हाकत होता. तुम्ही आपली पात मुद्दाम हळू धरता. तेवढ्यात म्हातारा तुमच्यापुढची कणसं पटापट खुडून धोतराच्या ओच्यात भरतो.

परतताना ओढ्याकाठी निजामाची कही आडवी येते. तेही वैरणीलाच निघालेले. चार-दोन तोड्याच्या बंदुका वाजतात आणि भारे टाकून ते पळतात. आजचं युद्ध एवढंच. रात्री छबिन्याच्या पहाऱ्याची पाळी तुमची. चांदणं लख्ख, दातावर दात वाजतायत.

३ फेब्रुवारीला औशाच्या बाजूला कोंडलेली ती फौज मोडते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा भाऊंच्या बाजूनं असतात. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळतो, दौलताबादही. मग उत्तरेतून बातमी येते: दत्ताजी शिंदे १० जानेवारीलाच दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना पडलेत. परतूरच्या छावणीत तुम्ही घोडीला नवे नाल ठोकून घेता आणि मार्चमध्ये फौजेबरोबर हिंदुस्थानची वाट धरता.

पुढच्या हिवाळ्यात पानिपतावर वाटा अडवलेल्या असतात, पण या खेपेला तुमच्या. मांजरेच्या खोऱ्यात तुम्ही निजामाला जे शिकवलं, ते अब्दाली तुम्हाला शिकवतो. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले जातात, आणि तुमची घोडी दाण्यावाचून उभ्या जागी खंगत जाते. १४ जानेवारी १७६१ ला तुम्ही उपाशीपोटी छावणीबाहेर पडता. इब्राहिमखानाच्या तोफा त्याही दिवशी तुमच्याच बाजूला असतात. नसतो तो कडबा.